खाली घ्यायच्या आधी

ठकूआत्या गेल्याची बातमी मला कुणी आणून दिली नाही. ती मीच घरोघर पाठवली. महिना होत आला त्याला. भेटायला येणाऱ्या बायका अजून माझ्याकडे चोरून बघतात, कारण आत्याला वेळेआधी मी खाली घेतलं, हे रहाटणीत सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या पाठीमागे कुजबुज होण्यापेक्षा मीच लिहिलेलं बरं.

आमच्याकडे माणूस अगदी शेवटाला आलं की त्याला बाजेवरून उचलून सारवलेल्या भुईवर निजवतात. बाजेवर मरण येऊ नये, अशी समजूत. एकदा खाली घेतलं की पेज बंद, दूध बंद; तुळशीच्या पानावरून गंगेचं पाणी तेवढं. आणि खाली घेतलेलं माणूस पुन्हा बाजेवर चढवणं म्हणजे अवलक्षण. त्यामुळे कधी खाली घ्यायचं हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नसतो... माझी ही आत्या तरुणपणी विधवा होऊन माहेरी परतली आणि आई गेल्यावर तिनंच मला आणि माझ्या भावाला, दत्तूला, वाढवलं. या प्रश्नाचं उत्तर द्यायला तिला आसपासच्या गावांतून बोलावणी यायची. ती पायाची बोटं चाचपायची, श्वास ऐकायची आणि बहुतेक वेळा म्हणायची, "अजून न्हाई." मग घरच्यांना कितीही घाई असो, ती तिथंच ठाण मांडून बसायची.

गावातल्या म्हाताऱ्या कोंडाबाईच्या वेळी असंच झालं. तिच्या नातवाचं लग्न महिन्यावर आलेलं. म्हातारी आत्ताच गेली तर सुतक फिटून लग्न वेळेवर लागेल, असा लेकांचा हिशेब. आत्यानं त्यांना असं फैलावर घेतलं की पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. म्हातारी जगली. पण कशी? अर्धं अंग लुळं, पाठीला जखमा, अशी दोन वर्षं. पुढं ती स्वतःच विनवू लागली, "आता तरी खाली घे गं ठके." आत्याचं उत्तर तेच. मग म्हातारी शिव्यांची लाखोली वाहायची. आत्या दर सोमवारी जाऊन तिच्या जखमा धुवायची, तिची वेणी घालायची आणि मुकाट ऐकून घ्यायची. मी एकदा चिडून विचारलं, "एवढं कशाला सोसतेस?" "तिचा हक हाय त्यो," म्हणाली. मला तेव्हा आत्याचा फार अभिमान वाटला होता.

यंदा तिच्याच पोटात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी हात टेकले. गावचे डॉक्टर येऊन कळा कमी करायची सुई देत, पण तिचाही अंमल दिवसेंदिवस लवकर उतरायला लागला. एका दुपारी मी शाळेत शिकवून परतले तर आत्या शुद्धीवर होती. म्हणाली, "सुमे, मला खाली घे."

"अजून नाही," मी तिचंच वाक्य तिला ऐकवलं.

ती हसली नाही. "कोंडाबाईच्या ल्येकांना न्हाई म्हनले, ते बरुबर केलं. पर मागनं म्हातारी सोता मागत व्हती. तिला न्हाई म्हनायचा मला काय अधिकार व्हता? मी माझं नाव राखत बसले, बाई... तू तसं करू नगं."

दत्तू पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात आहे. शिफ्ट संपवून आला, हे ऐकलं आणि भडकलाच. "आम्ही तिकडं माणसं जगवायचं औषध काढतोय आणि तू घरात हिला उपाशी मारणार? लोक तोंडात शेण घालतील, आक्का!" त्याचंही तिच्यावर माझ्याइतकंच प्रेम होतं. मी म्हटलं, "तिलाच विचार." तो आत जाऊन बसला. बाहेर आला तो थेट गोठ्यात गेला आणि तिथं मोठ्यानं रडला. दुसऱ्या दिवशी तिला उचलताना डोक्याकडची बाजू त्यानंच धरली.

मी मात्र आत्याला दोन अटी घातल्या होत्या. सुई बंद होणार नाही. आणि रोज सकाळी मी विचारणार; हो म्हणालीस तर पेज देणार आणि बाजेवर परत घेणार, गाव हसलं तर हसू दे. "लई आगाव हायेस," म्हणाली, पण कबूल झाली. पहिल्या सकाळी तिनं मान हलवून नको म्हटलं. दुसऱ्या सकाळी दोन चमचे पेज घेतली, तर मी वेडी लगेच बाज जवळ ओढायला लागले. तिनं चमचा बाजूला सारला. "पुरं." चौथ्या दिवशी दुपारी ती गेली. तिचा हात माझ्या हातात होता. फार आठवण येते तिची. मी चुकले की बरोबर होते, हे रोज स्वतःला विचारते आणि रोज वेगळं उत्तर येतं. पण मरण तिचं होतं म्हणून विचारलं तिलाच, एवढं मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

गेल्या आठवड्यात पिंपळे गुरवहून दोघे भाऊ आले. "आत्या तर गेल्या. बाई, आता तुमीच येऊन सांगा, आमच्या बाबांना खाली घ्यायचं का."

"त्यांना विचारलंत?"

थोरला म्हणाला, "त्यास्नी काय इचारायचं? डोळं मिटून पडल्यात."

मी गेले. श्वास ऐकून सांगण्याची विद्या मला येत नाही. म्हाताऱ्याच्या कानाशी वाकले आणि मोठ्यानं विचारलं, "बाबा, तुम्हाला खाली घ्यायचं का?" ओठ हलले. डोळे न उघडताच म्हातारा म्हणाला, "आदी च्या टाक."