पोलादावर भुताचा मार

बेळ्ळंदूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये लेक आपणहून माझ्याकडे यायची ती एकाच गोष्टीसाठी. गणित बाबाचं, सायकल बाबाची, झोपतानाची गोष्टही बाबाचीच. कन्नडच्या गृहपाठाला माझ्याकडे यायची, पण तोंड वाकडं करून. मात्र तिच्या त्या गेममधल्या प्राण्यांच्या लढाया सुरू झाल्या की स्वयंपाकघराच्या दारातून हाक यायची, “आई, विजेचा मार कुणाला लागत नाही?” मी मेथी निवडता निवडता सांगायची, “जमिनीवाल्यांना.” बाबा नुसता बघत राहायचा. काय सुख होतं ते!

बेळगावला शाळेत असताना मी हा गेम दादाच्या हातातून हिसकावून खेळायची. कुठल्या प्रकारच्या प्राण्याला कशाचा मार दुप्पट लागतो, कशाचा अर्धा, कशाचा लागतच नाही, तो सगळा तक्ता भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानांवर उतरवून मी पाठ केला होता. तेव्हा सतरा प्रकार होते. अठरावा, परीचा, नंतर कधीतरी आला; तो मला लेकीनं शिकवला.

आणि मग माझ्या नवऱ्याला अवदसा आठवली. त्याच्या लॅपटॉपवर एक एआय एजंट आहे, म्हणजे सांगितलेलं काम आपलं आपण पायरीपायरीनं करणारा प्रोग्राम. लेकीनं एकदा त्याला लढाईतलं काहीतरी विचारलं, तर त्यानं दिलं ठोकून. चिखलातला एक प्राणी पाण्याचाही असतो आणि जमिनीचाही. पाण्याला विजेचा मार दुप्पट, जमिनीला शून्य, म्हणजे गुणाकार करून शून्य. एजंट छातीठोकपणे म्हणाला, दुप्पट. मी पोट धरून हसले. नवरा हसला नाही. दोन शनिवार-रविवार बसून त्यानं एजंटसाठी एक छोटंसं टूल लिहिलं. एजंटनं प्राण्याचे प्रकार सांगायचे, टूल तक्ता बघून गुणाकार करणार, एजंट ते उत्तर वाचून दाखवणार. झालं! लेक दारात यायची बंद झाली.

माझा नुसता जळफळाट व्हायचा. बाहेरच्या खोलीत दोघं डोकं जोडून बसायचे, त्यातून लेकीचं “वॉव बाबा!” ऐकू यायचं, आणि मी इकडे डाळीवर राग काढायची. मेलं ते टूल! वीस-पंचवीस वर्षं मी जे डोक्यात जपलं, ते यानं चार सुट्ट्यांत लिहून मोकळं व्हायचं?

वर त्यानं ते तपासायला मलाच दिलं. मी नोकरीनं टेस्टर, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधणारी. “तुझ्याइतकं पाठ कुणाला आहे?” असं तो अगदी मनापासून म्हणाला, आणि मला मिरच्या झोंबल्या. शीटमध्ये तीनशे चोवीस ओळी, प्रत्येकीत टूलचं उत्तर, शेवटच्या रकान्यात मी बरोबर किंवा चूक अशी खूण करायची. शनिवारी दुपारी मी चूक शोधायलाच बसले. तासभर काही मिळेना. मग मिळाली. पोलादी प्राण्याला भुताचा मार: पूर्ण. माझ्या वहीत तर अर्धा होता.

ऑफिसात असलं काही सापडलं की मी ती ओळ लाल करून सगळ्या टीमला दाखवत सुटते. त्या दुपारी मी तिथं हिरवी खूण केली. बरोबर. दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मुलांची स्पर्धा होती. पडू दे टूलला तोंडघशी, म्हटलं, लेकीच्या समोर. ती महिनाभर या स्पर्धेच्या तयारीत होती, हे मला कळत नव्हतं असं नाही. हरली तर स्वल्प रडेल, आणि मग माझ्याकडेच येईल, असं मी धरून चालले होते. आईनं असं धरावं का? पण धरलं.

लेक शेवटच्या लढतीपर्यंत पोचली. समोर वरच्या मजल्यावरची मुलगी, आणि तिच्याकडे एक दांडगं भूत. मधल्या सुट्टीत लेक गर्दीतून वाट काढत आली. बाबा शेजारीच उभा होता, पण आली माझ्याकडे.

“आई, पोलादी काढू? भुताचा मार त्याला अर्धाच ना?”

अगं बाई, मला झालेला आनंद काय सांगू! “अर्धाच,” मी म्हटलं. “बिनधास्त काढ.”

दोन फटक्यांत तिचा पोलादी प्राणी आडवा झाला.

घरी येईपर्यंत ती रडली नाही. सोफ्यावर बसून बाबाला म्हणाली, “सकाळी मी एजंटला विचारलं होतं. तो पूर्ण म्हणाला होता. पण आई मागे अर्धा म्हणाली होती, म्हटलं तिलाच विचारावं, आईला नक्की माहीत असतं.”

“पूर्वी अर्धाच होता गं,” नवरा म्हणाला. “परीचा प्रकार आला, तेव्हाच तो नियमही बदलला.” माझी बाजू सावरायला बघत होता बिचारा. मग त्याला काहीतरी आठवलं. “पण तू तर तपासलं होतंस ना?” त्यानं लॅपटॉप उघडून ती ओळ काढली.

लेकीनं वाकून बघितलं. “आई, इथं तू बरोबर म्हटलंयस. मग मला अर्धा का सांगितलंस?”

“मला वाटलं, टूल चुकलंय.”

“मग बरोबरची खूण का केलीस?”

त्या ओळीत मी मनातलं लिहिलं असतं, तर नवऱ्यानं शनिवारीच मला बदललेला नियम सांगितला असता. रविवारी लेक माझ्याकडे आली तेव्हा माझ्या तोंडून बरोबर उत्तर गेलं असतं.

“ते चुकावं असं मला वाटत होतं,” मी म्हटलं. “तुझ्यासमोर.”

ती कन्नडमध्ये “सरी”, म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाली, लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि बर्फाच्या प्राण्याला कशाकशाचा मार दुप्पट लागतो ते एजंटला विचारलं. मी तिच्या शेजारीच बसले होते. मला ते पाठ होतं.