पेटी सावलीत ठेवली

रस्ता नीट दाबला गेलाय का, हे मोजणारं आमचं यंत्र किरणोत्सर्गी. पिवळ्या पेटीत कुलूपबंद. ते नेण्याचे नियम मला तोंडपाठ होते: पेटी पिकअपच्या हौद्यात साखळीनं जखडायची, तिसरा माणूस घ्यायचा नाही, गाडी क्षणभरही एकटी सोडायची नाही. कोल्हापुरातल्या त्या कंत्राटदाराकडे ही जबाबदारी माझी. गाडी चालवायचे एक वयस्कर मामा. वाटेत कुणी हात केला तर म्हणायचे, "पावणं, ह्या गाडीत न्हाय जमायचं." नियम सांगायचो मी, पाळायचे ते. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

त्या दिवशी साखळीच्या कुलपाची किल्ली मी ऑफिसात विसरलो. पेटी नायलॉनच्या दोरीनं बांधली. परतताना कोडोलीजवळच्या मामांच्या गावात जत्रा होती, त्यांच्या घरी मटणाची पंगत. मामा म्हणाले, "साहेब, तुम्ही जेवून या. मी बसतो गाडीजवळ." पण घरचा कर्ता बाहेर आणि पाहुणा ताटावर, हे घरच्यांना कसं चालावं? शेवटी मीच हाक मारली, "मामा, या की. पाच मिनिटांनी काय होतंय?"

पांढरा रस्सा दोनदा घेऊन बाहेर आलो, तर हौद्यात पेटी नाही. मामांच्या भावानं कौतुकानं सांगितलं, "साहेबांची पेटी उन्हात तापत हुती. आत सावलीत ठेवली."

आत म्हणजे मामांच्या गरोदर सुनेच्या खाटेखाली.

मी किरणोत्सर्ग मोजायचं मीटर लावून पाहिलं. पेटी शाबूत होती, धोका नव्हता. तसं सगळ्यांना सांगितलं, पण मामांनी सुनेची खाट अंगणात हलवली.

अहवाल मी लिहिला. 'चालकाने गाडी एकटी सोडली.' अक्षर न् अक्षर खरं. दोरीचं लिहिलं नाही, माझ्या हाकेचं तर नाहीच. चौकशीत मामा एवढंच म्हणाले, "व्हय, मी उठलो." त्यांची नोकरी गेली. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं, त्याची आज लाज वाटते.

नातू धडधाकट आहे, शाळेत जातो. जत्रेला मामांचा फोन दरवर्षी येतो आणि मी दरवर्षी काहीतरी सबब सांगतो. यंदा म्हटलं, "मामा, गाडीत यंत्र आहे. नाही जमायचं."

"मग तर याच," मामा म्हणाले. "तुम्ही निवांत जेवा. मी बसतो गाडीजवळ. ह्या वक्ताला कुणी हाक मारली तरी उठत न्हाय."