पाहुण्यांसाठी उचललेल्या पट्ट्या

कुत्र्याचा मागचा डावा पाय काढल्यानंतर आमच्या घरी जेवढी माणसं येऊन गेली, तेवढी आईच्या आजारपणातही आली नव्हती. आईला बघायला येणाऱ्यांना दवाखान्यातल्या बाकावर बसावं लागे आणि चहा मिळत नसे. कुत्रा घरी होता. गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीला लिफ्ट आहे, हॉलमध्ये एसी आहे आणि वहिनी चहा-चिवडा दिल्याशिवाय कुणाला सोडत नाही. तीन पायांचं जनावर बघायला याहून चांगली सोय शहरात नसावी.

पाय गेला तो पार्किंगमध्ये. दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी आपली नवी मोठी गाडी मागे घेत होते. त्या गाडीत मागचं दाखवणारा कॅमेरा आहे, हे त्यांचं सगळ्या इमारतीला सांगून झालं होतं. कुत्र्याची साखळी अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या हातात होती. अप्पा ओरडले. गाडीच्या काचा बंद होत्या आणि आत गाणं चालू होतं. चाक पायावर चढलं. मग काहीतरी लागलं असं वाटून शेजाऱ्यांनी गाडी पुढे घेतली आणि चाक त्याच पायावरून परत गेलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघितला आणि पाय वाचणार नाही, मांडीपासून काढावा लागेल असं सांगितलं. त्या कमी बोलणाऱ्या बाई होत्या. घरी सोडताना त्यांनी तीनच गोष्टी बजावल्या. वजन वाढू देऊ नका. दया येते म्हणून उचलून फिरवू नका. आणि गुळगुळीत फरशीवर चालवू नका, कारण मागच्या एकाच पायावर सगळा भार आहे. दोन-चार वेळा घसरून आपटला तर तो घाबरेल आणि उठायचंच सोडून देईल.

दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, त्यात आपली चौथी गोष्ट जोडली. "टाके निघेपर्यंत बघू. चालायला लागला तर ठीक. नाहीतर शेतावर पाठवू."

शेत म्हणजे वहिनीच्या भावाचं पेठ रोडवरचं फार्महाऊस. तिथे द्राक्षं नाहीत, भात नाही. लोखंडी गेट, लॉन आणि एक झोपाळा आहे. नातेवाइकांना ज्या वस्तूचा कंटाळा येतो, पण जी टाकून दिली असं म्हणवत नाही, ती वस्तू तिथे जाते. आमचा जुना सोफा तिथे गेला आणि पावसात कुजला. वहिनीच्या माहेरचा कुत्राही तिथे गेला होता. तो मजेत आहे असं पहिल्या वर्षी सगळे सांगत. नंतर सगळ्यांनी सांगायचं थांबवलं आणि विचारायचंही.

आई गेल्यापासून अप्पा घराबाहेर पडत ते फक्त कुत्र्याला फिरवायला. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. त्यात त्यांना दोन माणसं भेटत, दूध आणणं होई, कुणाशी तरी भांडण होई. कुत्रा शेतावर गेला असता तर अप्पा सोफ्यावर बसले असते आणि पुन्हा उठले नसते. घरात हे सगळ्यांना कळत होतं. दादालाही कळत होतं, पण दादा एका कंपनीत मॅनेजर आहे, आणि जे कळतं त्याचा निर्णयाशी संबंध असायला हवा असं त्याला तिथे कुणी शिकवलेलं नाही.

आमच्या हॉलमधली फरशी पांढरी आणि आरशासारखी आहे. टाइल्स मोरबीहून मागवल्या होत्या. पंखा लावला की त्याची पाती जमिनीत फिरताना दिसतात. घरात पहिल्यांदा येणारा माणूस खाली बघून "वा" म्हणतो आणि वहिनी "अहो, साफ करता करता जीव जातो" म्हणते. हा संवाद मी इतक्यांदा ऐकला आहे की बातमी असती तर कधीच छापून झाली असती.

अप्पा देवळाली कॅम्पच्या बाजारात गेले आणि काळ्या रबरी मॅटच्या पट्ट्या घेऊन आले. गाड्यांमध्ये पायाखाली घालतात तसल्या, रेघारेघांच्या. गॅलरीपासून दारापर्यंत त्यांनी त्या एकापुढे एक अंथरल्या.

"टायरच्या दुकानात बसल्यासारखं वाटतंय," वहिनी म्हणाली.

"कुत्र्याला तसं वाटत नाही," अप्पा म्हणाले.

मी वृत्तपत्रात संध्याकाळच्या पाळीला असतो. दादा-वहिनी सकाळी कामावर जातात. त्यामुळे सकाळ अप्पांची आणि माझी होती. पहिल्यांदा आम्ही कुत्र्याच्या पोटाखालून टॉवेल घालून त्याला मागून आधार दिला. तो उभा राहिला, थरथरला, बसला. पुन्हा उभा राहिला. अप्पा पुढे उकिडवे बसून "चल गड्या, चल" म्हणत, आणि तो मान खाली घालून काळ्या पट्टीवरून उड्या मारल्यासारखा पुढे सरके. काही दिवसांनी टॉवेल सैल ठेवून चाललं. मग टॉवेल नकोच झाला. गॅलरीतून दारापर्यंत तो जाई, दारापाशी अप्पांच्या चपला हुंगून परत येई. लघवीला खाली नेलं तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. तो पूर्वी डावाच पाय वर करत असे. ते काम आता कायमचं झालेलं होतं.

संध्याकाळी मात्र तो पडत असे. दादा घरी आला की रोज तेच दृश्य: कुत्रा कोपऱ्यात अंग चोरून बसलेला, हाक मारली की शेपूट हलवतो पण उठत नाही. उठला तर घसरतो.

"सकाळी चालला," एका रात्री पाळीवरून आल्यावर मी दादाला सांगितलं.

"तुम्ही दोघं दिवसभर त्याच्यात असता. तुम्हाला तसं वाटणारच," दादा म्हणाला.

मी मोबाइलवर घेतलेलं त्याचं चालणं दाखवलं. वहिनीचा भाऊ त्या रात्री अजून बसलेला होता. त्याने चिवडा चावत बघितलं. "भाऊजी, व्हिडिओत काय, आजकाल मेलेली माणसंही बोलतात," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. विनोदी माणूस म्हणून त्या कुटुंबात त्याचा लौकिक आहे.

संध्याकाळी काय होतं, ते मी माझ्या सुटीच्या दिवशी बघितलं. ज्यांनी पाय चिरडला, ते शेजारी सपत्नीक यायचे होते. फोन आला तशी वहिनी उठली. तिने पट्ट्या गुंडाळायला घेतल्या. अप्पाही उठले आणि दुसऱ्या टोकाकडून गुंडाळू लागले. दोघांनी मिळून सगळ्या गुंडाळ्या सुतळीने बांधून गॅलरीत वॉशिंग मशीनमागे ठेवल्या. मग वहिनीने फरशी पुसली आणि पंखा लावला. पाती जमिनीत फिरू लागली.

मी अप्पांना विचारलं, "हे काय?"

"पाहुणे येतायत," अप्पा म्हणाले. एवढं कारण त्यांना पुरेसं वाटत होतं. पाहुणे येणार म्हणजे घर आवरायचं, हे त्यांनी जन्मभर केलं होतं. हे पाहुणे कुत्र्याला बघायला येत होते आणि ज्या पट्ट्यांवर तो चालू शकत होता त्या त्यांच्यासाठीच उचलल्या होत्या, याचा विचार करायला त्या घरात कुणी थांबलं नव्हतं.

शेजारी सफरचंदं घेऊन आले.

"कशाला आणलंत एवढं?" वहिनी म्हणाली. माणूस आजारी असला तरी ती हेच म्हणते.

"असू दे हो. रिकाम्या हाताने कसं यायचं?" शेजारीणबाई म्हणाल्या. "खातो का तो सफरचंद?"

शेजारी अप्पांकडे वळले. "अप्पा, मी रिव्हर्सच घेत होतो, तोच मध्ये आला. कॅमेऱ्यात दिसलाच नाही बघा. त्यात रंग हा असा काळा."

अप्पांनी चिवड्याची बशी त्यांच्यापुढे सरकवली. पाहुण्यांना उलटून बोलायचं नसतं.

"आमच्या आत्याचाही शुगरने पाय काढला होता," शेजारीणबाई म्हणाल्या. "नंतर गादीवरच हो सगळं."

"मग आता कशा आहेत?" वहिनीने विचारलं.

"गेल्याच की."

यावर सगळ्यांनी चहाचा एकेक घोट घेतला. मग शेजाऱ्यांनी मांडीवर थाप मारून कुत्र्याला बोलावलं. "ये ये ये! बघ कोण आलंय!"

तो बिचारा उठला. कोण आलं होतं हे त्याला कळलं असतं तर उठला नसता. पुढचे दोन पाय टेकले आणि मागचा एकटा पाय ओल्या फरशीवरून बाजूला निघून गेला. तो टाक्यांच्या बाजूवर आपटला, ओरडला, आणि भीतीने तिथेच त्याला लघवी झाली.

"अरेरेरे," शेजारी पाय वर घेत म्हणाले. "नको रे बाबा असलं जगणं. सोडवा त्याला यातून."

"आम्ही शेतावरच पाठवणार आहोत," दादा म्हणाला. वहिनी पुसायला फडकं आणायला गेली. फरशी पुन्हा चकचकीत झाली.

टाके काढायला अप्पा आणि मी कुत्र्याला घेऊन गेलो. डॉक्टरांनी जखम बघितली, उरलेला मागचा पाय दाबून बघितला. "घरात चालतो का?"

"सकाळी चालतो," अप्पा म्हणाले. "संध्याकाळी पडतो."

"का? संध्याकाळी काय असतं?"

"पाहुणे."

"त्यांचा काय संबंध?"

अप्पांनी पट्ट्यांचं सांगितलं. निम्म्यावर आल्यावर त्यांचा आवाज बारीक होत गेला. आपण काय सांगतो आहोत हे त्यांना स्वतःलाच पहिल्यांदा ऐकू आलं असावं.

डॉक्टरांनी हातमोजे काढले. "तुमचे पाहुणे रबरावर बसत नाहीत का?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या मांजराला आत बोलावलं.

परतताना अप्पांनी रिक्षा एका पंक्चरच्या दुकानापाशी थांबवली आणि रबर चिकटवायच्या सोल्युशनचा मोठा डबा घेतला. घरी आल्यावर त्यांनी धोतर खोचावं तसा पायजमा खोचला, पट्ट्या उलगडल्या आणि मोरबीच्या पांढऱ्या टाइल्सवर सोल्युशन फासून एकेक पट्टी दाबून बसवली. मी कडा धरल्या. गॅलरीपासून दारापर्यंत काळा रस्ता झाला. वासाने डोकं दुखायला लागलं. त्या दिवशी मी सुटी टाकली. घरात बातमी होणार हे दिसत होतं.

वहिनी दारातच थांबली. दादा तिच्या मागे.

"अप्पा, हे काय केलंत?"

"चिकटवलं."

"निघेल ना?" वहिनीने विचारलं.

"फरशीसकट."

"रविवारी माझा भाऊ येणार आहे," वहिनी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कुत्र्याचा पाय काढला त्या दिवशी ते नव्हतं.

"येऊ दे ना," अप्पा म्हणाले. "बसायला सोफा आहे."

रविवारी मला सुटी असते. संध्याकाळी वहिनीचा भाऊ आला तो कुत्रा न्यायलाच. गाडीच्या मागच्या सीटवर त्याने जुनी चादर अंथरून आणली होती. बूट दारात काढून तो मोज्यांवर आत आला आणि सरळ काळ्या पट्टीवरून चालत सोफ्यापर्यंत गेला. "हे काय, एअरपोर्ट केलाय काय काका?" असं म्हणून त्याने हसून घेतलं. चहा आला.

"चल रे राजा," तो कुत्र्याला म्हणाला. "तिकडे लॉन आहे. मजा आहे तुझी."

कुत्रा उठला. पट्टीवर पाय रोवून क्षणभर थांबला आणि चालू लागला. वहिनीच्या भावासमोरून गेला, त्याच्या मोज्यांकडे नाक नेलं, ते आवडले नाहीत, पुढे गेला. दारापाशी अप्पांच्या चपलांजवळ जाऊन उभा राहिला. फिरायची वेळ झाली होती.

दादाचा कप ओठांपाशी थांबला होता. अप्पा खुर्चीतून उठले. खुंटीवरची साखळी त्यांनी काढली.

"तुम्ही चालू द्या," ते पाहुण्याला म्हणाले. "आम्ही येतो फिरून."

लिफ्टचं दार बंद झाल्याचा आवाज आला. मग वहिनीचा भाऊ वाकला आणि पट्टीची कड नखाने उचकटून बघू लागला.

"टाइल फोडावी लागेल," तो म्हणाला.

"पॉलिशवाला बघू का?" दादाने विचारलं.

तिघांनी मिळून फरशीचा विचार सुरू केला. गाडीतल्या चादरीचा विषय पुन्हा निघाला नाही. कुत्रा चालला, असं त्या संध्याकाळी कुणीच म्हटलं नाही. तो राहिला तो असा, त्याच्याबद्दल बोलायचं विसरल्यामुळे.

अप्पा रोज दोन फेऱ्या मारतात. पाहुणे अजूनही येतात, खाली बघतात, आणि आता "वा" म्हणत नाहीत. "खास मॅटिंग आहे," वहिनी त्यांना सांगते. "डॉक्टरांनीच सांगितलं होतं, पहिल्या दिवसापासून."