सर्व्हर कोणी बिघडवला?

हरिदास भोयरांना चूक अजिबात खपत नाही, म्हणजे दुसऱ्याची. भनपुरीतल्या आमच्या सळईच्या कारखान्यात बारा वर्षं ते नेटवर्क सांभाळतात आणि मी बिलिंगला बसते, म्हणून सांगते.

विश्वकर्मा पूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं ठप्प. नाव, पासवर्ड टाकला की लॉगिन व्हायचं, पण पुढे काहीच उघडेना. वजनकाट्यावर पावती निघेना, फाटकाबाहेर ट्रकांची रांग आणि हॉर्नचा नुसता उच्छाद.

हरिदासभाऊंनी गुन्हेगार आधीच ठरवला होता: नत्थू. हा आमचा म्हातारा इलेक्ट्रिशियन, इथलाच. चालू यंत्राची पूजा करायची नाही, हा त्याचा नेम. म्हणून दरवर्षी पूजेला हरिदासभाऊ सर्व्हरपुढे राखणीला बसायचे. यंदा सासऱ्यांना बघायला अभनपूरला गेले. नत्थूने सर्व्हर बंद केला, हळदकुंकू वाहिलं, पुन्हा चालू केला.

"हाथ क्यों लगाया? अकल है कि नहीं?" भाऊ काट्यावर सगळ्या ड्रायव्हरांसमोर ओरडले. नत्थू फक्त "हव भैया", म्हणजे हो भाऊ, म्हणत राहिला. तेवढ्यात मालक आले, ऐकलं आणि म्हणाले, "नत्थू, कल से मत आना।"

भाऊ तडक सर्व्हरच्या खोलीकडे वळले.

मग दोन तास त्यांनी माझं डोकं खाल्लं. "पाहा ना क्षमाताई, पासवर्ड बरोबर घेऊन राहिला, पण टनेल चुकीचा देऊन राहिला!" हा सर्व्हर नाव तपासतो आणि ज्याला त्याला आपापल्या विभागाच्या टनेलचा नंबर देतो, म्हणजे आत जायची वाट. काट्याचा नंबर चाळीस, आणि हा सगळ्यांना वीसमध्ये ढकलत होता. वीस तर भाऊंनी एप्रिलमध्येच बंद करून प्रत्येक विभागाला नवा नंबर दिलेला. त्यांनी तारा बदलल्या, स्विच बदलला, नत्थूचा उद्धार तर अखंड चालू.

शेवटी वैतागून मीच विचारलं, "एप्रिलचा बदल सेव्ह केला होता ना?"

"मले शिकवता काय?" म्हणत त्यांनी फाईल उघडली. शेवटच्या सेव्हची तारीख जानेवारीची.

बदल लागू केला होता, सेव्ह केलाच नव्हता. सर्व्हर बंद होईपर्यंत चाललं, बंद होताच जुने नंबर परत आले. लाईट गेली असती तरी हेच झालं असतं. भाऊंनी पाच मिनिटांत दुरुस्त केलं. पावत्या निघू लागल्या.

"कोनाले सांगू नका," ते हळूच म्हणाले.

मला असा संताप आला! "मी नाही सांगणार. तुम्ही सांगा. त्याची नोकरी गेली आहे."

भाऊ उठले. मीही मागोमाग गेले. मला त्यांचा भरवसा नव्हता. सायकल स्टँडवर नत्थू आपली पक्कड, टेस्टर पिशवीत भरत होता.

"नत्थू भैया, गलती मेरी थी। माफ कर दो," भाऊ पुटपुटले.

नत्थूने पिशवी सायकलला बांधली. "डाँटा तो सबके सामने था भैया। माफी इधर कोने में?"

भाऊंचा चेहरा उतरला. क्षणभर वाटलं, आता परत भडकणार. पण त्यांनी नत्थूचा हात धरला आणि त्याला थेट काट्यावर नेलं. मालक तिथेच उभे होते, ड्रायव्हरही.

"सर, सर्व्हर इसने नहीं बिगाड़ा। मैंने बिगाड़ा। निकालना है तो मुझे निकालिए।"

मालक वैतागून म्हणाले, "दोनों काम पे जाओ।"

नत्थू सायकलला बांधलेली पिशवी सोडायला गेला.