बाद मत

इंग्लंडमधल्या आमच्या गावात कौन्सिलच्या निवडणुकीची मतमोजणी बॅडमिंटनच्या हॉलमध्ये होते. शेजारीण लिंडा निवडणुकीला उभी होती, म्हणून तिची प्रतिनिधी म्हणून मी गेले होते. इथली एक रीत मला आवडायची. शंकास्पद मतपत्रिका अधिकारी सगळ्या उमेदवारांना एकत्र बोलावून दाखवतात. सकाळपासून एकमेकांकडे न बघणारी माणसं मग एकाच टेबलावर वाकतात.

यंदा अशा एका मतपत्रिकेवर मताची फुली नव्हतीच. सगळ्या नावांवरून थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, ‘तुम्ही बस बंद केलीत. तेव्हापासून मला बायकोच्या थडग्यापाशी जाता आलेलं नाही.’

“बाद?” अधिकाऱ्यांनी हळूच विचारलं.

“बाद,” लिंडा म्हणाली. बाकीच्यांनीही माना हलवल्या. नियमाने ते बरोबरच होतं. सबंध निवडणुकीत या सगळ्यांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

मतदाराला आपण दोरीला बांधलेली एक पेन्सिल देतो आणि एक चौकोन. जे काय दुखतंय ते त्या चौकोनात मावलं पाहिजे. गप्प बसवायची किती सभ्य तऱ्हा! आणि हा माणूस, बस नसताना, मत द्यायला मात्र चालत आला असणार.

निकाल लागला. जिंकलेल्या गृहस्थांनी कोटावरचं पक्षाच्या रंगाचं रिबिनीचं फूल सारखं केलं. “तुम्ही बोललात,” ते म्हणाले, “आणि आम्ही ऐकलं.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या टेबलावर बाद मतांच्या पाकिटाला सील लागत होतं.