अप्पांची सुरगाठ

काल हुमनाबादच्या बाजारात अंबाडीच्या नव्या दोराचा वास आला, आणि मी एकदम राजेश्वर गावातल्या आमच्या खळ्यावर जाऊन पोचले.

माझे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं गेलेले. गोळा बसूनच फेकायचा, त्यासाठी खुर्ची जमिनीला पक्की हवी. अप्पांनी, माझ्या वडिलांनी, लाल मातीत चार खुंट्या ठोकल्या आणि बैलांच्या दाव्यांनी खुर्ची खुंट्यांना, मला खुर्चीला बांधलं. दुसऱ्या दिवशी कलबुर्गीला गोळाफेकीची निवड चाचणी होती. मी जीव खाऊन गोळा फेकला. खुंटीची गाठ सुटली, खुर्ची उलटली, तोंडात माती गेली.

"अप्पा, सुरगाठ कामून मारली?" मी ओरडले. एका ओढीत सुटणारी ती गाठ.

"गोठ्याला आग लागली तर जनावर झटक्यात सुटाय पाहिजे की," ते हळूच म्हणाले. "जित्या जिवाला निरगाठ कशी मारू, माय?"

"मला सुटायचं न्हाई, अप्पा. लांब फेकायचंय."

मग त्यांनी निरगाठी मारल्या. दिवस मावळेपर्यंत ते माझ्या उजव्या बाजूला विळा घेऊन बसून राहिले. वेळ आलीच तर दोर कापायला. येणारेजाणारे बघायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पुढं पॅरालिम्पिकला, परक्या देशात, पंचांनी माझ्या पट्ट्या दोनदा ओढून बघितल्या. खुर्ची तसूभर हलत नव्हती. अप्पांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. तरी गोळा उचलण्याआधी मी उजवीकडे वळून बघितलं.