चालता चालता विचारायचं

शिवाजी पार्कला रोज सकाळी फेऱ्या मारणाऱ्या त्या गृहस्थांचं नाव मी कधी विचारलं नाही. विद्यापीठात इमारतींचं बांधकाम शिकवतात, एवढंच ठाऊक होतं. हात पाठीमागे बांधून चालायचे. कुणी घराबद्दल काही विचारलं, तरी कट्ट्यावर बसायचे नाहीत. "बसून सांगितलं की तो सल्ला होतो, त्याला विद्यापीठाची परवानगी लागते. चालता चालता गप्पा मारायला कोण अडवतंय?"

एकदा त्यांच्या बरोबरीने फेरी मारताना मी त्यांना परळच्या आमच्या चाळीतल्या गॅलरीच्या भेगेचा फोटो दाखवला. न थांबता त्यांनी तो मोठा करून पाहिला. "आजच टेकू लावा," म्हणाले. आठवड्याभरात तिथली तुळई मोडली आणि टेकूवर अडकली.

चाळीने वर्गणी काढली, मी पाकीट घेऊन गेलो. ते पहिल्यांदाच थांबले. पाकीट माझ्या खिशात परत ठेवत म्हणाले, "अहो, गप्पांचे कुणी पैसे देतं का?"

दुसऱ्या दिवसापासून ते उलट्या दिशेने चालू लागले. आता प्रत्येक फेरीत आम्ही दोनदा समोरासमोर येतो. ते हात वर करतात, मीही करतो.

जिन्यालाही आता भेग पडलीय. तिचा फोटो मोबाईलमध्ये तसाच आहे.